माझ्यात पाणी गेलं नव्हतं

मी कॉम्प्युटर बोलतोय. थर्माकोलच्या खोक्यातून आलेला कंपनीचा नव्हे, तर मखमलाबादला भिमाजींच्या घरी, झेंडूच्या रिकाम्या क्रेटवर ठेवून जोडलेला. अशाला लोक ‘असेंबल्ड’ म्हणतात आणि म्हणताना नाक मुरडतात. मुरडू देत. सध्या मी त्याच घराच्या ओट्यावर, गंजलेल्या फवारणीपंपाशेजारी पडलोय आणि भंगारवाल्याची वाट बघतोय. तो यायच्या आत मला एक गोष्ट सांगून टाकायची आहे. आज सकाळपर्यंत माझ्यात पाण्याचा थेंबही गेला नव्हता.

माझा जन्म दोन हजार सालचा. भिमाजींचा मुलगा ललित तेव्हा कॉलेजात होता. त्याने मला तुकड्यातुकड्याने आणलं. मदरबोर्ड आणि प्रोसेसर मुंबईहून, कॅबिनेट शहरातल्या शालिमारजवळच्या एका दुकानातून, मॉनिटर कुणाचा तरी वापरलेला. जोडायच्या दिवशी त्याने सगळ्या घराला भोवती बसवून घेतलं होतं. त्याची आई छायाबाई फुलं खुडायला जायच्या थांबल्या होत्या.

"एवढ्या वायरी?" त्या म्हणाल्या. "आन् यातली एखादी उरली तं?"

एक उरलीच. ती फ्लॉपीची होती. "ती उद्या लावतो," असं ललित म्हणाला. तो उद्या कधी उजाडला नाही आणि फ्लॉपीचं तोंड मला शेवटपर्यंत नावालाच राहिलं. ही एवढीशी आळशीपणाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार महाग पडली.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा मी एक बीप दिला आणि पडद्यावर अक्षरं उमटवली. छायाबाईंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. भिमाजींनी दोन्ही हात मागे बांधून मला निरखलं आणि पोराच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून ललित गल्लीत ‘कॉम्प्युटरवाला’ झाला. कुणाचा रेडिओ बिघडला तरी त्यालाच हाक येई, आणि तोही कपाळाला आठ्या घालून, मोठ्या तज्ज्ञासारखा तो उघडून बसे. माझी छाती तेव्हा अभिमानाने फुगत असे. आता आठवलं की माझीच मला कीव येते.

माझ्या पोटात काय आहे ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझ्या मदरबोर्डवर एक चपटा, रुपयाएवढा सेल आहे. मनगटी घड्याळात असतो ना, त्याचाच मोठा भाऊ. माझी वीज काढली तरी या सेलवर मला तारीख-वेळ आठवते आणि मालकाने घालून दिलेली सेटिंग आठवते. किती वेगाने चालायचं, आधी कुठून सुरू व्हायचं, सगळं. तो सेल काढून थोड्या वेळाने परत बसवला की मी सगळं विसरतो आणि जन्मलो तेव्हा जसा होतो तसा चालायला लागतो. चहा व्हायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही त्याला. माझ्या सगळ्या दुःखावर तेवढाच इलाज होता.

मला जन्म ललितने दिला, पण मला वापरलं त्याच्या बहिणीने. रूपाली त्याच्याहून मोठी. ललित माझ्यावर गाड्या पळवायचा आणि राक्षस मारायचा. हरला की माझ्या कॅबिनेटला लाथ बसायची. रूपालीने पंचवटीत डीटीपीचा क्लास केला होता. ती समोर बसली की आधी पडद्यावरची धूळ पुसायची. आईच्या जुन्या लुगड्याचं तिने माझ्यासाठी कव्हर शिवलं होतं. आणि बंद करताना ती कधी घाईने बटण दाबायची नाही, रीतसर सगळं मिटवून, ‘आता बंद करायला हरकत नाही’ असं मी म्हणेपर्यंत थांबायची. माझ्याशी अदबीने वागणारं त्या घरात तेवढं एकच माणूस होतं.

पंचवटीत निवृत्तीभाऊंचा छापखाना होता. आधी त्यांनी रूपालीला लग्नपत्रिका दिल्या. मजकूर ती घरी करायची, जुन्या प्रिंटरवर पानं काढायची आणि भिमाजी फुलं घेऊन बाजारात जाताना तिला छापखान्याशी सोडायचे. तिच्या कामात चूक सापडत नाही हे पाहून निवृत्तीभाऊंनी तिला मोठं काम दिलं. समाजाच्या वधू-वर मेळाव्याची परिचय पुस्तिका. शेकडो मुलामुलींची माहिती, नाव, शिक्षण, उंची, शेती आणि शेवटी अपेक्षा. काय एकेक अपेक्षा! मुलगा नोकरीला हवा, शेतीही घरची हवी, पण मुलीला शेतात काम नको. मुलगी शिकलेली हवी, पण नोकरीचा आग्रह नको. रूपाली टाइप करताना हसायची, आणि मलाही हसू यायचं.

त्या कामावर तिचं बरंच काही अवलंबून होतं. तिला स्थळं येत होती आणि भिमाजी घाईला आले होते. तिने फार विनवल्यावर ते म्हणाले होते, "कोजागिरीपर्यंत तुझं काय ते कर. छापखानावाल्यानं कायमचं काम दिलं तं मी साल-दोन साल थांबतो. नाय तं मंग मला अडवायचं नाय." आणि निवृत्तीभाऊंनी कबूल केलं होतं की कोजागिरीच्या आत पुस्तिका हातात पडली तर छापखान्यात तिला टेबल मिळेल. तिने मला हे कधी सांगितलं नाही, पण ती ज्या तऱ्हेने बोटं चालवायची त्यावरून मला समजत होतं.

या घरात एक रीत आहे. नवमीला सगळी अवजारं धुऊन-पुसून ठेवायची आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणाला हात लावायचा नाही. विळे, कुदळी, फवारणीपंप, पाण्याची मोटर, सगळ्यांना विश्रांती. त्या साली नवमीला रूपालीने मलाही पुसलं, कव्हर घातलं आणि म्हणाली, "उद्या पूजा झाली की उरलेली पानं." फारच थोडी पानं उरली होती. सगळं काम माझ्या हार्डडिस्कवर होतं, प्रिंटरवर पानं शेवटी एकदम काढायची होती. फ्लॉपीवर उतरवून ठेवायचं तिच्या मनात होतं, पण ती एक वायर तुम्हाला आठवत असेल.

दसरा म्हणजे झेंडूवाल्यांचा दिवस. पहाटेच भिमाजी, छायाबाई आणि रूपाली टेम्पो भरून बाजाराला गेले. ललित अभ्यासाचं निमित्त सांगून घरी राहिला. सगळे गेले तसं त्याने माझं कव्हर काढलं.

रीत त्याला माहीत होती. पण कॉलेजातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचा वेग वाढवता येतो, आहे त्याच मशीनवर गेम पळतो. तो माझ्या सेटिंगच्या निळ्या पडद्यात शिरला. वेगाचा आकडा एक पायरी वर नेला. मी कसाबसा चालू झालो. तेवढ्यावर थांबला असता तर मी तरलो असतो. पण त्याने परत आत जाऊन आकडा आणखी बराच वर नेला. बदल कायम करू का, असं मी विचारलं. त्याने हो म्हटलं.

पंखा फिरत राहिला, पुढचा दिवा पेटलेला राहिला, आणि मी उठू शकलो नाही. पडदा काळा. बीपसुद्धा देता येईना. माणसाला उभा चढ पळत चढायला सांगितला आणि पहिल्याच पावलाला त्याचा दम गेला, तसं काहीसं माझं झालं होतं.

ललित घाबरला. त्याने मला बंद केलं, चालू केलं. परत बंद, परत चालू. मग कॅबिनेट उघडून रॅम काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले, फुंकर मारली, परत बसवली. मॉनिटरची केबल हलवून पाहिली. पॉवर सप्लायला चापट्या मारल्या. त्याची बोटं सेलच्या अगदी शेजारून गेली. "तोच, तोच काढ," मी आतून ओरडत होतो, पण माझा आवाज कुठून निघणार? तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. त्याने झाकण लावलं, कव्हर घातलं, आणि पुस्तक हातात घेऊन ओट्यावर जाऊन बसला.

पूजा झाली. छायाबाईंनी तांब्यात झेंडू बुडवून विळ्यांवर, मोटरवर पाणी शिंपडलं, हळदकुंकू लावलं. माझ्यावरही शिंपडलं. चार थेंब, तेही कव्हरावर. गळ्यात माळ घातली, पेढा ठेवला. मग रूपालीने मला नमस्कार केला, कव्हर काढलं आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. तिने परत दाबलं.

तेव्हा ललित पुढे आला. मला वाटलं, आता सांगेल. घरातला लाडका होता, थोडी बोलणी बसली असती आणि विषय संपला असता. तो कव्हराकडे बघत म्हणाला, "आई, पाणी शिंपडलंस तू याच्यावर?"

"थोडंसंच रे."

"थोडंसं! अगं, इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे ही. विळा आहे का? मदरबोर्ड गेला असणार."

भिमाजी नुकतेच बाजारातून दमून आले होते. ते छायाबाईंवर असे तापले की ओट्यावर आलेली शेजारची माणसं आल्या पावली परत गेली. "अडाणी ती अडाणीच," म्हणाले. मग रूपालीकडे वळले, "आन् तू जवळ उभी होती ना? तुला नाय कळलं? एवढी शिकली ती कशाला?" छायाबाई हातातला तांब्या खाली ठेवायलाही विसरल्या होत्या. ललित मान खाली घालून उभा होता. बघणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याला मशीनचं किती दुःख झालंय.

मला बीप देता आला असता तर मी त्या दिवशी कान फुटेपर्यंत दिला असता.

कोजागिरी पाच दिवसांवर होती. रूपाली रडत बसली नाही. ती म्हणाली, "दुकानात नेऊ या." ललित म्हणाला, "मला जमत नाही ते त्यांना काय जमणार आहे?" खरी गोष्ट वेगळीच होती. कुठलाही दुकानदार बंद मशीन समोर आलं की आधी एकच प्रश्न विचारतो, शेवटचं काय बदललं होतं? ललितला त्या प्रश्नाची भीती होती. मग ती म्हणाली, "निदान हार्डडिस्क काढून दे. क्लासमधल्या मशीनला लावून बघते." तर म्हणे, "तिच्यातही पाणी गेलं असेल. त्यांचं मशीन जळालं तर भरून कोण देणार?" भिमाजींनी ते ऐकलं आणि तिला ताकीदच दिली की कुणाच्या वस्तूला हात लावायचा नाही.

तिने क्लासमध्ये बसून पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून टाइप करायला घेतली. निम्मीही झाली नाही. कोजागिरीला निवृत्तीभाऊंनी मुलामुलींच्या माहितीचे कागद परत मागवून घेतले आणि दुसऱ्याला दिले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांची मेळाव्याची तारीख ठरलेली होती.

पुढचं ऐका. भिमाजींनी शब्दाप्रमाणे केलं. त्यांनी रूपालीची माहिती छापखान्यात नेऊन दिली, आणि जी पुस्तिका ती करणार होती तिच्यातच तिचं नाव, उंची आणि फोटो छापून आला. अपेक्षांच्या जागी ‘निर्व्यसनी मुलगा’ एवढंच लिहिलं होतं. तेही तिने सांगितलेलं नव्हतं. त्या पुस्तिकेवरूनच सिन्नरच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सासरी कॉम्प्युटर नव्हता, आणि नंतर तिने कधी कुठे टेबल मागितलं नाही.

लग्न ठरलं त्याच सुमारास ललितने हार्डवेअरचा कोर्स लावला होता. एका दुपारी तो खोलीत आला, दार लोटलं आणि माझं झाकण उघडलं. या वेळी तो गोंधळलेला नव्हता. त्याची नजर सरळ सेलवर गेली आणि बोटही तिथेच टेकलं. मला कळलं की त्याला आता इलाज कळलाय. मी वाट बघत राहिलो.

त्याने बोट काढून घेतलं. भिमाजींनी त्याला नवीन मशीन घेऊन द्यायचं कबूल केलं होतं. जुनं सुरू झालं असतं तर नवं कशाला आलं असतं? त्याने एकेक स्क्रू शांतपणे परत लावला. जोडतानासुद्धा त्याने माझे स्क्रू एवढ्या काळजीने लावले नव्हते. पहिल्या दिवशी तो भ्यायला होता, ते मी समजू शकतो. या दुपारचं मी त्याला कधीही माफ करणार नाही.

नवं मशीन आलं. मला माळ्यावर चढवलं. माझा एकही भाग त्याने काढून वापरला नाही. कसा वापरणार? पाण्याने जळालेल्या मशीनची रॅम चालू निघाली असती तर लोकांनी विचारलं नसतं का? पुढे त्याने कॉलेज रोडला दुकान थाटलं, विक्री आणि दुरुस्ती. गिऱ्हाईक आलं की तो पहिला प्रश्न कोणता विचारतो, ते तुम्ही ओळखलंच असेल.

माळ्यावरून मला दरवर्षी दसऱ्याचे आवाज ऐकू यायचे. छायाबाई विळ्यांची, कुदळींची पूजा करायच्या. पण विजेवर चालणारं काही आलं की उंबऱ्याशीच थांबायच्या. "तुम्हीच लावा रे कुंकू. माझा हात नको," म्हणायच्या. मोटरची पूजा, टीव्हीची पूजा, सगळं दुसऱ्याच्या हातून. भिमाजी दोन वर्षांपूर्वी गेले. बायकोच्या अडाणीपणाने मशीन बिघडलं, अशीच त्यांची शेवटपर्यंत समजूत होती. चारचौघांत हसून सांगायचे ते.

आज पुन्हा नवमी आहे. घराला रंग काढायचाय म्हणून माळा रिकामा झाला आणि मला मॉनिटर-कीबोर्डासकट ओट्यावर आणलं. रूपाली माहेरी आलीय. ती आणि छायाबाई विळे घासत बसल्या होत्या. ललितला एका गिऱ्हाइकासाठी जुन्या पद्धतीचा पॉवर सप्लाय हवा होता. माझ्यातला चालतो का, एवढंच त्याला बघायचं होतं. इतक्या वर्षांत तो बहुधा स्वतःचं खोटं विसरून गेला होता. त्याने माझं झाकण काढलं, वायर जोडली आणि बटण दाबलं.

मी बीप दिला.

माळ्यावरच्या धुळीत माझा सेल आपोआप संपून गेला होता. त्याच्याबरोबर ललितने घातलेला तो आकडाही पुसला गेला होता. जे त्याने केलं नाही ते नुसत्या काळाने केलं.

रूपालीचा हात विळ्यावरच थांबला. "मॉनिटर जोड," ती म्हणाली.

"कशाला ताई, भंगारात चाललंय ते."

तिने हात पुसले आणि स्वतःच जोडला. पडद्यावर इंग्रजीत ओळी आल्या. तिने त्या सावकाश वाचल्या आणि मराठीत सांगितल्या, "सेल संपलाय. जुनी सेटिंग पुसली गेली. मूळच्या सेटिंगवर चालू होतोय." पुढे जायचं बटणही तिनेच दाबलं.

"बघ, वाळलं शेवटी," ललित घाईघाईने म्हणाला. "आतलं पाणी वाळलं असेल."

तिने पुस्तिकेची फाइल उघडली. सगळी पानं जिथल्या तिथे होती. शेवटच्या पानावर पिंपळगावच्या कुठल्याशा मुलीची माहिती अर्धवट राहिली होती. ‘अपेक्षा’ असा शब्द होता आणि पुढची जागा रिकामी होती. रूपाली तिथे बराच वेळ बघत बसली.

"सेटिंग कधी बदललीस रे?" तिने मान न वळवता विचारलं. "आम्ही फुलं विकायला गेलो होतो तेव्हा?"

ललित वाकून वायर नीट करायला लागला. मग म्हणाला, "लहान होतो ताई."

"म्हंजे?" छायाबाईंनी विचारलं. "पाणी नव्हतं गेलं?"

"नाही आई. पाणी नव्हतं गेलं."

"मंग मी इतकी वर्सं…" छायाबाईंनी हातातला विळा खाली ठेवला. त्या लेकाकडे बघत राहिल्या. "तुझे वडील मला काय काय बोलले रे. तू हितंच उभा होता."

"जाऊ दे ना आता आई. जुनं काय उकरायचं? कुणाचं काय नुकसान झालं एवढं?"

रूपालीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग तिने फाइल मिटवली, एकेक खिडकी मिटवली आणि रीतसर मला बंद करायला घेतलं, पूर्वी करायची तसंच. आता बंद करायला हरकत नाही, असं मी म्हणेपर्यंत थांबली. वायर तिनेच काढली. आता सेल संपलेला असल्यामुळे माझं तारीख-वार सगळं पुन्हा पुसलं गेलंय. पण ही हकिकत सेलवर नव्हती, म्हणून ती राहिली.

तुम्हा माणसांकडे माझं एकच मागणं आहे. घरातलं यंत्र बंद पडलं की ज्याच्या हाताला सवय नाही त्याच्याकडे आधी बोट दाखवू नका. शेवटचं काय बदललं ते विचारा, आणि ज्याने बदललं असेल त्याने तेव्हाच सांगून टाकावं. तेव्हा सांगितलं तर चहा होईपर्यंत सगळं दुरुस्त होतं.

वायर निघाल्यावर छायाबाई उठल्या. त्यांनी आतून हळदकुंकू आणलं, तांब्या भरून आणला. "आई, पूजा उद्या आहे," ललित म्हणाला. "आणि त्याच्यावर कशाला?"

"उद्या हा हितं नाय," त्या म्हणाल्या. "आन् ज्याच्यापायी मी बोलणी खाल्ली, ते एकदा करून तं बघते."

माझं झाकण उघडंच होतं. त्यांनी मला कुंकू लावलं, झेंडूचं एक फूल ठेवलं आणि मग तांब्या तिरपा केला. चार थेंब नाही, सगळा तांब्या. मदरबोर्डवरून, रॅमवरून, त्या मेलेल्या सेलवरून पाणी वाहत खाली ओट्यावर आलं. रूपालीने त्यांना अडवलं नाही. ललित ‘अगं अगं’ करत राहिला.

भंगारवाल्याची हातगाडी कोपऱ्यावर आलीय. हा कशाने बिघडला, असं त्याने विचारलं तर ललितला आता खोटं बोलावं लागणार नाही. आता माझ्यात खरोखरच पाणी गेलंय.